मानरक्षक वस्त्र

टॅक्सी स्टँडवर श्वास रोखून गर्दी उभी होती. मधे रुळांवर एक ट्रॉली, ट्रॉलीवर गाड्यांच्या दोन जुन्या सीटा. प्रत्येक सीटवर भुशाचं पोतं बांधलेलं, पोत्याला स्प्रिंगची मान, मानेवर मडकं. डाव्या सीटवर काळं वस्त्र, उजवी उघडी.

"येऊ दे काळाला!" महाराज गरजले.

चेल्याने विटांनी भरलेला हातगाडा मागून आदळला. उजवं मडकं मागे उलटलं, सीटच्या पाठीवर आपटून फुटलं. डावं नुसतं थरथरलं.

"पाहिलंत? वस्त्राने काळाला आल्या पावली परत धाडलं!"

हात जोडले गेले. या माणसाला सगळे मानेवाले महाराज म्हणत. त्यांची अट एकच: वस्त्र हवं तर सीटवरचा, डोक्यामागचा हेडरेस्ट उपटून चरणांशी टाकायचा. "लोखंडी दांड्या मंत्राला आडव्या येतात, बाळांनो. देवाला अर्धा भरवसा चालत नाही!" चरणांशी ढीग वाढतच होता.

मागे कुशनवाली ताई उभी होती. वीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवणारी, पण सकाळचा जप झाल्याशिवाय सुईत दोरा न ओवणारी. तिची नजर रांगेतल्या धाकट्या भावावर होती. त्याच्या दोन्ही काखांत एकेक हेडरेस्ट होता. टॅक्सीत त्याची बायको वाट बघत होती; सातवा महिना, तपासणीला हमरस्त्याने जायचं होतं.

"अरे, ते परत बसव."

"ताई, डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"सीटला डोळ्यांनी बघून काय कळतं? हात लावावा लागतो."

"स्वतः एवढं देवदेव करतेस आणि मला शंका शिकवतेस!"

रांगेत पुढे, दुखावलेल्या मानेला डॉक्टरी कॉलर लावलेले एक म्हातारे ड्रायव्हर होते. महिन्यापूर्वी त्यांनी सीटला वस्त्र घातलं आणि सिग्नलला मागून टेम्पो धडकला. "तुझी श्रद्धा तोकडी पडली," महाराजांनी सुनावलं होतं. तेव्हापासून ते रोज इथे माफी मागायला येत.

 ताई गर्दीतून वाट काढत ट्रॉलीपाशी गेली आणि दर्शन घेतल्यासारखा वस्त्रावर हात फिरवला. मडक्यामागे बोटं थांबली.

"महाराज, याच्या आत हेडरेस्ट आहे."

"हात काढ, बाई! भस्म होशील!"

"होईन तर होईन," ती हळूच म्हणाली आणि वस्त्र ओढलं.

आत उंच, भक्कम हेडरेस्ट; मडक्याला जेमतेम न टेकणारा. उजव्या सीटला तो नव्हताच, वर तिची पाठही झोपवलेली.

"वस्त्र आता उजवीकडे घालते. मंत्र वस्त्रातच आहे ना?"

"मुहूर्त टळला!" चेला ट्रॉली ओढू लागला. कॉलरवाल्या काकांनी ती धरून ठेवली. कुणीतरी नवं मडकं लावलं. हातगाडा काकांनीच ढकलला.

धाड! वस्त्राच्या सीटवरचं मडकं फुटलं. उघड्या सीटवरचं शाबूत राहिलं.

 महाराजांची जीप निघाल्याचा तेवढा आवाज आला.

"मागून धडक बसली की सीट अंगाला पुढे ढकलते," ताई म्हणाली. "डोकं मागे राहतं, सगळा झटका मानेवर येतो. डोक्यामागे जवळच आधार असेल तर डोकंही अंगाबरोबर पुढे जातं. म्हणून सीटची पाठ सरळ ठेवा, हेडरेस्ट डोक्याच्या माथ्याइतका उंच आणि होईल तितका जवळ. यानेही सगळे वाचतील असं नाही. पण वाचायची संधी याने आहे, त्या कापडाने नाही."

काकांनी विचारलं, "म्हणजे माझी श्रद्धा कमी नव्हती पडली?"

"नाही हो, काका. हेडरेस्ट नव्हता." ती सगळ्यांकडे वळली. "देवाने डोकं दिलं, त्याच्या मागचा आधार काढा असं तो कशाला सांगेल? जो तसं सांगतो, त्याला आधी विचारा, तपासून बघा. पाप लागत नाही त्याने."

भावाने बायकोच्या डोक्यामागे हेडरेस्ट बसवला, हाताने अंतर पाहिलं, पुन्हा एक खाच वर केला. मग स्टँडकडे वळून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. सकाळपासून हेडरेस्ट काढून, वस्त्र घालून गेलेल्या टॅक्सींच्या जागा रिकाम्या होत्या.

त्याने त्यांतल्या एकाला फोन लावला. "गाडी बाजूला घे. आधी घे, मग सांगतो."

पहिल्याने ऐकलं, दुसऱ्यानेही. तिसऱ्याचा फोन नुसताच वाजत राहिला.