लोकरीची गादी

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, आज मी अगदी झटपट चालतो. बटण दाबायचा अवकाश, की अक्षर पडद्यावर हजर. याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण होत नाही. का, ते सांगतो.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा माझ्या पोटात एक चिमुकला पंखा बसवला आणि त्याच्यासमोर पातळ पत्र्यांची जाळी. काम करताना मी तापतो, आणि पंखा ती गरम हवा जाळीतून बाहेर ढकलतो. पहिली चार वर्षं एका ताईंनी माझ्यावर इमारतींचे नकाशे काढले. त्या मला भारी चलाख म्हणायच्या, आणि मीही तोऱ्यात असायचो. मग त्यांनी नवा लॅपटॉप घेतला आणि मला आपल्या वडिलांकडे दिलं.

ताईंचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सगळे त्यांना मशीनकाका म्हणत. चाळीस वर्षं ते शिंप्यांच्या दुकानांतून फिरले. कोणी मशीन जड चालतं म्हणून कुरकुर केली, की हत्यारांना हात लावण्याआधी काका ब्रश काढायचे, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साचलेला कचरा झाडायचे आणि म्हणायचे, "आधी कचरा काढा, मग माझ्याशी बोला." निम्मी दुखणी तिथंच बरी व्हायची.

आता त्यांची नजर अधू होत चालली होती. वर्षभर लिहिता-वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढ्या वेळात काकांना शिलाई मशीनची साठ दुखणी आणि त्यांवरचे उपाय लिहून काढायचे होते. ते ज्ञान दुसऱ्या कुणापाशी नव्हतं. माझ्यावर अक्षर बोराएवढं मोठं करता येतं, म्हणून माझी नेमणूक झाली.

काका एका बोटानं टाइप करायचे. माझे त्यांनी फार लाड केले. काकू आता नव्हत्या, पण त्यांची लोकरी शाल होती. टेबलावर मला ओरखडे पडू नयेत म्हणून काकांनी त्या शालीची जाड गादी शिवली. "बस बाबा, तुलाही जरा मऊ लागू दे," म्हणाले. मीही ऐटीत बसलो. माझा श्वास पोटाखालच्या फटींतून येतो आणि त्या फटी गादीत रुतल्या आहेत, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

लोकरीचे बारीक तंतू आत येऊ लागले, त्यांच्यावर धूळ चिकटू लागली. तिसाव्या दुखण्यापर्यंत निभावलं. मग मी तापायला लागलो. फार तापलो की जळू नये म्हणून मी आपोआप हळू चालतो, तशी माझी घडणच आहे. काका 'क' दाबायचे आणि पडद्यावर काहीच नाही. बोट नीट पडलं नसेल, असं वाटून ते पुन्हा दाबायचे, पुन्हा दाबायचे. मग चार 'क' एकदम उमटायचे आणि काका ओशाळायचे.

एकेचाळीस दुखणी झाली. बेचाळिसाव्याची दोन पानं लिहून होत आली आणि भर दुपारी मी बंद पडलो. पानं गेली.

"काय झालं, बाबा?" ताईंनी विचारलं.

"काही नाही गं. मीच काहीतरी भलतं दाबलं असणार. डोकं मंद झालंय माझं."

"मग राहू द्या ना. कशाला जिवाला त्रास? आराम करा आता."

ताई मायेनंच बोलल्या. पण किती दिवस मी पंखा घरघरवून सांगत होतो! आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला माझा आवाज कळला नाही, कारण मलाही उघडून झाडता येतं, हे त्यांच्या मनातच आलं नाही. मला त्याच गादीत गुंडाळून कपाटात ठेवलं.

दीड वर्षानं ताईंना जुने नकाशे हवे झाले. मी सुरू झालो तो धापा टाकतच. त्यांनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी माझं पोट उघडलं, बॅटरीची तार सोडवली, पंखा फिरू नये म्हणून काडीनं धरला, ब्रशनं झाडलं, हवा मारली. जाळीवरून करड्या कापडासारखा एक जाड थर निघाला.

"बाकी काही झालेलं नाही याला," बाई म्हणाल्या. "श्वास कोंडला होता. अर्ध्या तासाचं काम."

ताईंनी तो थर कागदात बांधून घेतला.

काका खिडकीपाशी बसले होते. आता त्यांना नुसता उजेड आणि अंधार कळायचा. ताईंनी थर त्यांच्या तळहातावर ठेवला आणि तो माझ्या पोटातून निघाल्याचं, त्यानंच मी अडत होतो हे सांगितलं. त्यांनी तो अंगठ्यानं चोळून पाहिला.

"लोकर आहे. तुझ्या आईच्या शालीची." मग त्यांनी थर मुठीत धरला. "म्हणजे मी मंद नव्हतो."

"नव्हता, बाबा. आणि मी तुम्हाला आराम करा म्हणाले."

ताई लिहून घ्यायला बसल्या. 'बेचाळीस' लिहून थांबल्या. काका दोनदा सुरुवात करून अडले. "ही पुढची दुखणी मशीन उघडून, बघत बघतच सांगावी लागतात गं. अंदाजानं सांगितलं तर कुणाचं तरी मशीन बिघडायचं. तू पहिल्या दुखण्यात एक ओळ घाल."

पहिल्या दुखण्यात होतं, 'मशीन जड चालतं. आधी कचरा काढा.' त्याखाली ताईंनी लिहिलं, 'स्वतःला दोष देण्याआधीसुद्धा.'

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला कडक, सपाट जागी ठेवा आणि वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. घरातलं मोठं माणूस 'मलाच जमत नाही' म्हणालं, तर लगेच 'राहू द्या' म्हणू नका. आधी माझ्या पोटाला हात लावून बघा.

काकांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'बेचाळीस' एवढंच लिहिलेलं आहे. ते मात्र क्षणात उमटलं होतं.