मोरपंखी रंगावरचा लेप

मित्रांनो, परवा मी चौकात उभी होते. एक गृहस्थ माझ्याजवळ थांबले, त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि माझ्या दारात बघून शांतपणे भांग पाडला. आरशात नव्हे, दारात! मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मग या वयात माझ्या दाराचा आरसा कसा झाला, असे तुम्हाला वाटेल. तेच सांगते.

मी कारखान्यात जन्मले, तेव्हा नुसता उघडा पत्रा होते. आधी माझ्यावर अस्तराचा राखाडी थर बसला, मग मोरपंखी रंग आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक थर. भट्टीतून तापून बाहेर आले, तेव्हा हातमोजे घातलेल्या एका बाईने दिव्याखाली माझ्यावरून हळूच हात फिरवला आणि मान डोलावली. तो वरचा पारदर्शक थर म्हणजे माझी कातडी. ती फार पातळ असते, आणि एकदा झिजली की पुन्हा वाढत नाही. हे मला फार उशिरा कळले.

दुकानातून मला घेऊन गेले ते एक जोडपे. त्यातली बायको परिचारिका होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा बांधायची, इंजेक्शने द्यायची. सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. तिचा नवरा घड्याळे दुरुस्त करायचा, म्हणून ते घड्याळजी. गाडी चालवायची ती फक्त बाईंनी. क्लच आणि ब्रेक यांतला फरक घड्याळजींच्या डोक्याला समजत होता, पायांना समजत नव्हता. एकदा त्यांनी मला सरळ कुंपणात घातले. त्यानंतर ते शेजारच्या आसनावर बसत आणि आपलेच घड्याळ असल्यासारखे माझ्या इंजिनाची टिकटिक ऐकत.

काय दिवस होते ते! वळणावर मोरपंखी रंग दिसला, की घराघरांच्या खिडक्या उघडत. पाय मोडून पडलेले एक आजोबा बाईंना म्हणाले होते, की गाडी दिसली तरी निम्मे दुखणे पळते. बाई म्हणाल्या, "मग पुढच्या खेपेला गाडीलाच पाठवते, मी घरी पाय पसरून बसते." आजोबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

बाई मला स्वतः धुवायच्या. सावलीत उभी करून, मऊ फडक्याने, वरून खाली. पक्ष्याची विष्ठा पडली, तर हातातला चहा ठेवून आधी ती ओल्या फडक्याने टिपून काढायच्या. सुट्टीच्या दिवशी मेण लावायच्या. ते थोड्याच दिवसांत पावसाने निघून जाई, मग त्या पुन्हा लावत. एवढी काळजी घेणाऱ्या या बाईंच्याच हातून मला ओरखडे पडले, याला काय म्हणावे! एका हातात औषधांची जड पिशवी, दुसऱ्या हाताने घाईघाईत दार उघडायचे, आणि बोटातली अंगठी दाराच्या मुठीखालच्या रंगावर घासायची. हळूहळू तिथे चंद्रकोरींची जत्रा जमली.

मग बाई आजारी पडल्या. दुसऱ्यांच्या दारी औषध नेणाऱ्या बाईंच्या दारी दुसरी परिचारिका येऊ लागली. एका सकाळी घरात खूप माणसे जमली. त्यानंतर माझे दार कोणी उघडले नाही.

घड्याळजींनी माझ्यावर प्लॅस्टिकचे आवरण घातले आणि मला भिंतीकडेच्या झाडाखाली ठेवले. त्यांच्या मनात माझे भलेच होते. पण आवरणाखाली ओल साचली, धूळ वाऱ्यासरशी रंगावर घासत राहिली. पुढे आवरण फाटले. झाडाचा चीक ठिबकला, पक्ष्यांनी आपला वाटा उचलला, उन्हाने टपावरची चकाकी खाल्ली. गल्लीतल्या पोरांनी धुळीत बोटाने लिहिले, 'मला धुवा'. माझे मनोगत त्यांना कसे कळले कोण जाणे! पण त्या अक्षरांचेही ओरखडे उमटले.

कोणी गिऱ्हाईक आले, तर घड्याळजी त्याला वाटेला लावत. "ही विकायची नाही," एवढेच म्हणत आणि आत जात. माझ्याजवळ मात्र येत नसत.

त्यांची लेक दूरच्या गावी नोकरीला होती. वडील एकटे पडले, म्हणून ती बदली करून घेऊन घरी परत आली. आल्या आल्या तिने आवरण काढले. मग इंजिन दुरुस्त झाले, चाके नवी आली. राहिला रंग. कोणीतरी तिला सिरॅमिक लेपाचे सांगितले. हा लेप म्हणजे द्रव काचेसारखी गोष्ट. रंगावर चढवली, की वाळून कडक आणि गुळगुळीत होते, पाणी मोत्यांसारखे घरंगळून जाते.

पहिल्यांदा ती मला एका झगमगीत दुकानात घेऊन गेली. तिथला विक्रेता माझ्याकडे न बघताच बोलत होता. एकावर एक खूप थर चढवू, मग जन्मभर धुवायला नको, ओरखडा म्हणून पडणार नाही, संध्याकाळी गाडी न्या. लेक जवळजवळ हो म्हणाली होती. पण कमी बोलणाऱ्या घड्याळजींनी विचारले, की आत्ता जी घाण आणि जे डाग आहेत, त्यांचे काय करणार? विक्रेता म्हणाला, की चकाकीखाली काही दिसत नाही. घड्याळजी सरळ चालकाशेजारच्या आपल्या आसनावर जाऊन बसले. लेक समजली, आणि आम्ही तिथून निघालो.

दुसरा कारागीर शहराच्या टोकाला होता. त्याने आधी चौकशी केली, की गाडी उन्हात असते की सावलीत, रोज चालते का, धुणार कोण. मग एक छोटे यंत्र जागोजागी टेकवून त्याने माझ्या रंगाची जाडी मोजली. दारांवर रंग बरा होता, टपावर आणि बॉनेटवर अगदी पातळ राहिला होता. तिथे मशीनने जोरात घासले, तर पत्राच दिसेल, असे त्याने सांगितले. माझ्यासाठी खूप थरांचा महागडा लेप नको, हलके पॉलिश आणि साधा, चांगल्या प्रतीचा एकच थर पुरे. तोही काही वर्षांनी उतरेल. दगड लागला, तर टवका उडेलच. "लेप म्हणजे चिलखत नाही, ताई," तो म्हणाला. "पण तुम्ही धूत राहिलात, तर रंग टिकेल."

पॉलिशची सुरुवात दारापासून होणार होती. त्याने मशीन उचलले आणि लेक एकदम मध्ये आली. मुठीखालच्या ओरखड्यांना हात लावायचा नाही, असे तिने सांगितले. ते तिच्या आईच्या अंगठीचे होते. त्यांच्यावरूनच लेप चढवायचा, म्हणजे ते कायम राहतील.

कारागिराने मशीन खाली ठेवले. लेपाखाली जे राहील, ते तसेच बंद होईल, असे त्याने समजावले. पुढे मन बदलले, तर आधी लेप घासून काढावा लागेल. तेव्हा काय ते आत्ताच ठरवा.

घड्याळजी माझ्याजवळ आले. बाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा अंगठा त्या चंद्रकोरींवरून फिरला.

"बाळ," ते म्हणाले, "तुझ्या आईला हे ओरखडे कधी आवडले नाहीत. रोज म्हणायची, उद्यापासून अंगठी काढून ठेवते. मला म्हणायची, तुमच्याकडे घड्याळाच्या काचा घासायचं पॉलिश असतं, जरा हात मारा. मी म्हणायचो, रविवारी बघू. तिच्या आठवणीत काय ठेवायचं, ते तू ठरव. पण तिला जे खुपायचं, तेच जपून ठेवायचं का?"

लेक रडली. रडणे आवरल्यावर म्हणाली, "मग तुम्हीच काढा, बाबा."

कारागिराने त्यांना मऊ फडके आणि पॉलिश दिले. इतकी वर्षे इवल्या काचांवर फिरलेली ती बोटे माझ्या दारावर छोटी छोटी वर्तुळे काढू लागली. मित्रांनो, मला कितीतरी हात लागले, पण तो हात वेगळा होता. एकेक चंद्रकोर मावळत गेली. लेक शेजारी उकिडवी बसून फडके धरत होती, आणि दोघे बाईंबद्दल बोलत होते. इतके दिवस घरात जे बोलता आले नव्हते, ते सगळे. एक ओरखडा मात्र खोल होता. कारागिराने पुन्हा जाडी मोजली आणि थांबायला सांगितले. घड्याळजी थांबले. "राहू दे," लेकीकडे बघत म्हणाले, "हिचंही थोडं चालू दे."

लेप चढला. तो पक्का होईपर्यंत मी तिथेच कोरडी उभी राहिले. मग घरी आले, ती झाडाखाली नव्हे, भिंतीच्या सावलीत.

आता घड्याळजी आणि लेक मला दोघे मिळून धुतात. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे, म्हणजे एकदा निघालेली माती पुन्हा रंगावर घासत नाही. लेक चालवते, घड्याळजी शेजारी बसतात. टपावरची चकाकी पूर्वीसारखी नाही, ती आता यायचीही नाही. तरुण गाड्या शेजारी थांबल्या, की मला त्या जुन्या खिडक्या आठवतात आणि मन जरा ओले होते.

मित्रांनो, एकच मागणे आहे. मला उन्हाने तेवढे खाल्ले नाही, जेवढे आवरणाखालच्या त्या दिवसांनी खाल्ले. आपल्या वस्तूला लेप जरूर लावा, पण तिच्या गरजेचा लावा, दुकानदाराच्या हौसेचा नको. आणि लेप लावला म्हणजे आपण सुटलो, असे मात्र समजू नका. आवरण टाकून विसरणे सोपे असते. कधी सकाळी बादली भरा, बाही वर करा आणि घरातल्या कोणालातरी हाक मारा. फडके दोघांनी धरले, की वस्तूही उजळते आणि धरणारेही.