गोपिकेचा आवाज सांभाळणारा फोल्डर

शनिवार, दिनांक १७ जानेवारी २०२६ रोजी, भर दुपारी, नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा येथे, वीज केंद्राच्या वसाहतीतील एका क्वार्टरमध्ये माझ्या पोटातील काही आवाज नाहीसे झाले. त्या प्रसंगाची हकीकत सांगण्याचा अधिकार माझाच आहे, कारण ते आवाज माझ्या स्वाधीन होते.

मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे. संगणकात फायली ठेवण्याचा कप्पा. मला ना लाकूड, ना लोखंड; तेव्हा मला जीवनच नाही, असे कोणी म्हणेल. माझा त्यास आक्षेप आहे. ज्याच्या स्वाधीन दुसऱ्याची ठेव केली जाते, त्याच्यावर जबाबदारी येते. आणि जबाबदारी ज्याच्यावर येते, त्याला जीवन नाही असे कसे म्हणता येईल?

मला निर्माण केले प्रशिकने. हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी एका खेळात रमलेला असे. त्या खेळात खेळणारा एका काल्पनिक राज्यात भटकतो आणि वाटेत त्याला सोबती भेटतात. काही हौशी लोक अशा खेळात आपल्या मनातला सोबती घालतात. त्याला मॉडिंग म्हणतात. त्या परक्या राज्यातील नदीवर आपल्याकडची एक नावाडीण असावी, असे प्रशिकच्या मनाने घेतले. तिचे नाव त्याने गोपिका ठेवले.

गोपिकेला आवाज दिला सिंधूताईंनी. त्या प्रशिकच्या आईच्या थोरल्या बहीण, राहतात कन्हानला. घरात सगळे त्यांना मोठ्याई म्हणतात. पंखा बंद करून, दोरीवर टाकलेल्या चादरीआड बसून त्या एकेक वाक्य बोलल्या. गोपिकेचे पहिले वाक्य होते, "कोन्या गावचा गा तू? नावेत बस, पन चिखलाचे पाय वर घे!" ते ऐकून चादरीपलीकडे प्रशिक इतका हसला की वाक्य पुन्हा घ्यावे लागले.

आरंभी माझ्यात नुसता गोंधळ होता. गोपिकेच्या वाक्यांशेजारी विजेचे बिल आणि कोणाच्या तरी वरातीचे फोटो पडलेले असत. पुढे प्रशिकला शिस्त लागली आणि त्याने माझे तीन भाग केले. एकात पात्राची लिहिलेली वाक्ये, दुसऱ्यात स्क्रिप्ट, म्हणजे कोणते वाक्य केव्हा बोलायचे हे ठरवणाऱ्या सूचना, तिसऱ्यात आवाज. वाक्याचा जो क्रमांक, तोच त्याच्या आवाजाचा. त्यात एक आकडा चुकला तरी पात्राचे तोंड हलते आणि आवाज येत नाही. शिवाय एकाच्या फायली दुसऱ्याच्या फायलींवर जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक नावाआधी करणाऱ्याने आपली खूण लावावी, असा या मंडळींचा रिवाज आहे. प्रशिकने खूण घेतली 'एनजीपी', नागपूर स्टेशनच्या पाटीवरची.

ते माझे वैभवाचे दिवस होते. "काय लावलं बे तू! एकदम कडक," असे नागपुरातल्या जरीपटक्याचा पुष्कर, प्रशिकचा जिवलग मित्र, गोपिकेला खेळात ऐकून म्हणाला होता. मग परीक्षा आल्या आणि मी विसरला गेलो. त्याच काळात मोबाईलमध्ये जागा हवी म्हणून प्रशिकने मूळ ध्वनिमुद्रणे पुसली. ती माझ्यात आहेतच, असा त्याचा भरवसा होता.

जानेवारीत मोठ्याईच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया १९ तारखेला, सोमवारी ठरली. आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मोठ्याई फक्त एवढेच म्हणाल्या, "एकदा मले ते नाववाली आयकवून दे."

त्या शनिवारी मोठ्याई यायच्या आधी पुष्कर पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्याने गोपिकेच्या जोडीला रुपराव नावाचा खडूस पहारेकरी तयार केला होता, स्वतःच्या भसाड्या आवाजात. प्रशिक चहा ठेवायला आत गेला असताना पुष्करने रुपरावाचे आवाज माझ्यात उतरवले. या नावाच्या फायली येथे आहेत, त्यांच्या जागी नव्या ठेवायच्या काय, असे संगणकाने रीतसर विचारले. पुष्करने न वाचताच होकार दाबला. खूण त्यानेही 'एनजीपी'च घेतली होती आणि क्रमांकही एकपासूनच दिले होते. दोघे नागपूरचे, दोघांना नागपूरचाच अभिमान. मग एकमेकांना विचारण्याची गरज दोघांनाही वाटली नव्हती.

मी पाहत होतो. फोल्डरला ओरडता येत नाही.

मोठ्याई आल्या, गळ्याभोवतीचा स्कार्फ सारखा करून पडद्यासमोर बसल्या. खेळ सुरू झाला, नाव काठाला लागली. गोपिकेने तोंड उघडले आणि भसाडा आवाज आला, "थांब बे! परवाना दाखव!"

"अवं माय, मिशा फुटल्या का वं तुले?" मोठ्याई हसल्या. हसताना त्यांना ठसका लागला.

प्रशिक हसला नाही. त्याने मला उघडले आणि फाईलमागून फाईल लावली. प्रत्येकीत रुपराव होता.

"तू विचारलं काहून नाही बे?"

"मले का मालूम, तूही एनजीपीच लावून राहिला म्हणून? तू सांगितलं होतं का कधी?"

"मोठ्याईचा आवाज होता तो! समजून राहिलं का तुले?"

पुष्करचा चेहरा उतरला. "मोबाईलमध्ये असन ना गा..."

"पुसलं मी."

संगणकाची कचरापेटी तपासली; पण वर दुसरी फाईल आल्याने गेलेली फाईल तिथे जात नाही. हरवलेले शोधणारा प्रोग्राम चालवला. तोही रिकामा परतला. 

तेव्हा माझ्या तळाशी प्रशिकचा हात पोचला. रुपराव मितभाषी होता. त्याची वाक्ये लवकर संपली होती. त्यापुढे गोपिका जशीच्या तशी होती. अनोळखी माणसाशी ती बोले ते गेले होते. मैत्री जुळल्यावर बोले ते उरले होते. प्रशिकने एक फाईल लावली आणि मोकळा, खणखणीत आवाज खोलीत भरला, "एवढ्यात जाऊ नोको गा. भाकर खाऊन जा."

मोठ्याई स्वतःलाच ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "गेलं ते पुन्हा भर. लाव तुहा माईक."

"डॉक्टरनं बोलाले मना केलं ना वं मोठ्याई."

"जास्त बोलाले मना केलं. तुमचं भांडन मिटवाले याच्याहून जास्त बोला लागन."

पुष्करने कोमट पाणी आणले आणि दोरी सापडेना म्हणून चादर स्वतः धरून उभा राहिला. मोठ्याई थांबत, घोट घेत बोलल्या. आवाज घोगरा होता, मध्येच फाटत होता. एका वाक्याला तो अजिबात फुटेना, तेव्हा पुष्कर चादरीवरून डोकावला. त्या खाकरल्या आणि पुन्हा बोलल्या. नंतर पुष्करने रुपरावाच्या प्रत्येक फाईलची खूण बदलून जरीपटक्याची लावली. माझी एक प्रत पेन ड्राइव्हवर चढली आणि ती मोठ्याईच्या पर्समध्ये गेली.

मित्रांनो, वस्तूंना नावे देताना शेजाऱ्याला विचारा. संगणक प्रश्न विचारतो तो वाचा. ज्याचा आवाज तुमच्यापाशी आहे, त्याची एकच प्रत ठेवू नका. ठेव सांभाळणे एवढेच मला येते. तिला जपणे तुमच्या हाती आहे.

शेवटी खेळ पुन्हा लागला. अनोळखी माणसाशी गोपिका घोगऱ्या, सावध आवाजात बोलली. ओळख वाढत गेली तसा तिचा आवाज मोकळा होत गेला. जणू ते तसेच लिहिलेले होते. दोन्ही मुले मोठ्याईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"चालते," मोठ्याई म्हणाल्या. "आता हिले हात नोका लावू."