कॉलनीच्या ग्रुपवरची माफी

आमच्या कॉलनीत बौद्धांचं घर एकच आहे, ते माझं. मला ते कोणी कधी टोचून दाखवलेलं नाही. उलट "धर्मेंद्रभाऊ, तुमचं वेगळं आहे" असंच सगळे म्हणतात, आणि मी ते इतकी वर्षं कौतुक समजून खिशात घालत आलो. वेगळं म्हणजे कोणापेक्षा, हे विचारायची अक्कल काही मला सुचली नाही. मी पाण्याच्या खात्यात इंजिनिअर आहे. कोणाचा नळ गळो, मोटर जळो, कूलर बंद पडो, पेचकस घेऊन मी हजर. चहा देतात, पोह्यांचा आग्रह करतात. लोक खरंच चांगले आहेत.

अमरावतीत चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक आमच्या गेटासमोरूनच इर्विन चौकाकडे जाते. आदल्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर सूचना पडते: गाड्या आत घ्या, बायकांनी दागिने घालून बाहेर पडू नये, गेटला कुलूप राहील. या सूचनेला पहिला अंगठा माझा असतो. पुढे गणपतीही याच रस्त्यानं जातात. तेव्हाही तेवढीच गर्दी, तोच डीजे. गेल्या गणपतीत तर कॉलनीतल्याच दोघांचे फोन गेले. गर्दीत असं चालायचंच, असं ग्रुपवर ठरलं, आणि त्यालाही मी अंगठा दिला. माझा अंगठा अगदी निःपक्षपाती आहे.

यंदा घरात माया होती. माया म्हणजे माझ्या भातकुली गावच्या बहिणीची पोरगी. पोलीस भरतीसाठी दीड वर्ष आमच्याकडे राहून पळत होती. मैदान निघालं, लेखी निघाली, निवड यादीत नाव आलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती, म्हणजे पोलिसांनी लिहून द्यायचं की या मुलीवर काही गुन्हा नाही, तक्रार नाही. तोवर स्वस्थ बसेल ती माया कसली! तिनं मैत्रिणी आणि वस्तीतली पोरं जमवून कॉलनीच्या गेटाशी मठ्ठ्याचा स्टॉल लावायचं ठरवलं. एप्रिलचं आमचं ऊन तुम्हाला सांगायला नको. कॉलनीची परवानगी मी काढली. "मी आहे ना," असं मी बैठकीत तीन वेळा म्हणालो. म्हणजे काय, ते कोणी विचारलं नाही आणि मलाही नीट माहीत नव्हतं.

स्टॉल झकास झाला. कॉलनीचे अध्यक्ष खुशालराव, शेती खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, स्वतः खाली आले. दोन ग्लास मठ्ठा प्यायले, गळ्यात निळा रुमाल घालून मायासोबत फोटो काढला आणि घरी गेले. मला इतकं भरून आलं की मी तो फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकला.

तासाभरानं कॉलनीच्या ग्रुपवर त्यांच्या बायकोचा, सुभद्राकाकूंचा संदेश आला: यांचा फोन गेला. लावला तर बंद दाखवतो. स्टॉलवर एक पोरगा धक्का मारून गेला, निळा शर्ट होता.

त्या दिवशी त्या रस्त्यावर निळा शर्ट नसलेला माणूस शोधावा लागला असता. मीही निळ्याच शर्टात होतो. पण एवढा विचार करायला थांबतो तो मी कसला! माझे कान तापले, आणि कोणी काही म्हणायच्या आत मी लिहायला बसलो:

"आजच्या दुर्दैवी प्रकाराबद्दल समाजाच्या वतीने मी सर्वांची अंतःकरणपूर्वक माफी मागतो. असे चार लोक सगळ्यांना बदनाम करतात. फोन परत मिळवून देण्यासाठी मी सर्वतोपरी प्रयत्न करीन."

समाजानं मला कधी नेमलं होतं, देव जाणे. पण मजकूर मला आवडला. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. मला बढती मिळाली तेव्हासुद्धा एवढे हात जुळले नव्हते. मी कौतुकानं फोन रश्मीपुढे, म्हणजे बायकोपुढे धरला.

तिनं वाचलं. "फोन तुमी घेतला का?"

"मी कायले घेऊ?"

"मंग माफी कायची मांगून राहिले?"

"अवं, तसं नाही. आपल्या स्टॉलवर झालं न."

"झालं हे कोणं पाह्यलं?" असं म्हणून ती पोळ्या लाटायला निघून गेली. बायकांना समाजकारण कळत नाही, असं मी मनात म्हटलं. असली वाक्यं मी मनातच म्हणतो, मोठ्यानं म्हणायची हिंमत नाही.

संध्याकाळी खुशालरावांचा मुलगा अमोल अकोल्याहून गाडी काढून आला आणि वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला. तक्रारीला पुरावा काय जोडला? माझी माफी. बाकी पुरावा होताच कुठे? ठाण्यातून फोन आला तो मायाला. स्टॉलसाठी पोलिसांची परवानगी तिनं स्वतःच्या नावावर काढली होती. उद्या सकाळी या, आणि स्टॉलवर असलेल्या सगळ्या पोरांची नावं सांगा, असं सांगितलं.

माया फोन ठेवून माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त घाम फुटला.

"मामा, तुमी कोणाले फोन घेताना पाह्यलं का?"

"नाही वं."

"मंग हे 'असे चार लोक' कोण होय?"

मी माझा फोन टेबलावर उलटा ठेवला.

"उद्या ठाण्यात तेच इचारतीन. कोणाचं नाव सांगू? जिनं ग्लास धुतले तिचं, का ज्यानं बर्फ फोडला त्याचं? आन माह्यं नाव या भानगडीत आलं तं पडताळणी अडकली समजा. दीड वर्ष कायले पळली मी मंग?"

मला लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली. त्या पोरीची नोकरी मी घरात बसल्या बसल्या, शुद्ध मराठीत धोक्यात आणली होती.

सकाळी ठाण्यात जायची तयारी चालली असताना दारात सुभद्राकाकू. "धर्मेंद्रभाऊ, कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला. पाणीच चढत नाही. पाहता का जरा?"

त्यांच्या घरच्या तक्रारीमुळे माझी भाची पोलिसांकडे निघाली होती, आणि मी काय केलं? पेचकस घेतला. रश्मीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की विचारू नका. तरी गेलो.

कूलरची बाजूची जाळी काढली, टाकीत हात घातला. पंपाच्या तोंडाला काहीतरी चपटं अडकलं होतं. ओढून काढलं तर खुशालरावांचा फोन. कव्हरवर गजानन महाराज, आतून पाणी ठिबकत होतं.

खुशालरावांनी डोक्याला हात लावला. स्टॉलवरून आल्यावर त्यांनी कूलरमध्ये पाणी भरलं होतं. पाइप धरून वाकले तेव्हा फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. बाहेर डीजे सुरू, आत कूलरची घरघर. आवाज कुठून यायचा?

"आन तो धक्का मारणारा पोरगा?" मी विचारलं.

"आता गर्दीत धक्का तं लागतेच न भाऊ," ते म्हणाले. मग हळूच, "कूलरचं कोणाले सांगू नका. लोकं हासतीन. मी ग्रुपवर लिवतो, फोन सापडला म्हणून."

काकूंच्या फोनवरून त्यांनी तेवढंच लिहिलं: फोन मिळाला, सर्वांचे आभार. मी तिथंच उभा राहून उत्तरं वाचली. "धर्मेंद्रभाऊंनी शब्द पाळला." "आपल्या लोकांना समज देऊन फोन परत आणला, असे लोक प्रत्येक कॉलनीत हवेत." पुन्हा हातांचा पाऊस.

खुशालराव प्रसन्न झाले. "पाहा, तुमचंच नाव झालं!"

खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. इतका मी वाया गेलेला आहे. मग मायाची आठवण झाली आणि त्या बरं वाटण्याची किळस आली.

"काका, चपला घाला," मी म्हणालो. "ठाण्यात चला."

"अमोल तं सकाळीच वापस गेला अकोल्याले. मी एकटा या वयात ठाण्यात?"

"माया तं बावीस वर्षाची हाये. ते जाऊनच राहिली न."

या कॉलनीत मी इतकं मोठ्यानं पहिल्यांदाच बोललो असेन. काकूंनी त्यांना चपला आणून दिल्या.

ठाण्यात माधवीताई म्हणून हवालदार होत्या. खुशालरावांनी टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीतला ओला फोन ठेवला आणि तक्रार मागे घेतली. कूलरचं ऐकून माधवीताईंनी ओठ दाबून हसू आवरलं. माया शेजारी ताठ बसली होती. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या.

"तक्रार मिटली साहेब, पण हा तुमचा माफीनामा फाइलीत राहते. उद्या पडताळणीसाठी कोणी फाइल उघडली तं म्हणन, माफी मांगतली म्हणजे काही तरी झालंच असन. चोरी झाली नाही तं माफी कावून मांगतली, ते लिहून द्या."

मी कागद घेतला. सरकारी टिपणं लिहिण्यात हयात गेली माझी. लिहिलं, "गैरसमजातून."

"कोणता गैरसमज?" त्यांनी विचारलं. मी खोडलं.

लिहिलं, "सामाजिक सलोखा राखण्यासाठी."

"भांडण झालं होतं का?"

"नाही." तेही खोडलं.

मग सुचलं तसं लिहिलं, आणि माधवीताईंनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: "मी कोणालाही फोन घेताना पाहिलं नाही. मिरवणूक आमची होती, म्हणून चोरही आमचाच असेल, असं कोणी म्हणायच्या आधी मीच धरून चाललो. स्टॉलवरच्या एकाही मुलाचा किंवा मुलीचा यात दोष नाही. माझी भाची माया हिचाही नाही."

खुशालराव खुर्चीत चुळबुळले. "धर्मेंद्रभाऊ, एवढं कायले लिवलं? आमी तं तुमाले कधी काही म्हणलं नाही."

"नाही म्हणलं, काका," मी म्हणालो. "तुमाले म्हणायची गरजच पडली नाही."

मायानं कागद ओढून घेतला, स्वतः एकदा शेवटपर्यंत वाचला, आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"सही राह्यली, मामा."