माफीचं गाणं

कलावंताला आपल्या माणसाची माफी मागायची असेल, तर ती कलेतूनच मागावी लागते. फोन करूनही मागता येते. पण फोनवर टाळ्या मिळत नाहीत.

तो गाणी स्वतःच लिहायचा, चाल स्वतःच लावायचा, गायचाही स्वतःच. ऐकायलाही पुष्कळदा एकटाच असायचा. दोन वर्षांपूर्वी मात्र सभागृह भरलं होतं, आणि त्याने वडिलांच्या दारूवरचं गाणं म्हटलं. पहिल्या रांगेत ताई होती, शेजारी तिची सासू. सासूला ती गोष्ट तोवर ठाऊक नव्हती. तेव्हापासून ताईने त्याच्याशी अबोला धरला होता.

आता वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी चार वाजता कार्यक्रम होता. बायकोने विनवण्या करकरून ताईला बोलावलं होतं.

"कागद समोर ठेव," बायको म्हणाली.

"कागद बघून माफी मागू?"

"न बघता मागितलेलीही मला आठवत नाही."

अडचण त्याच्या पद्धतीत होती. त्याला आधी चाल सुचायची, आणि खरे शब्द येईपर्यंत जागा धरायला कानावर पडेल ते तो भरून ठेवायचा. माफीच्या गाण्याची चाल स्वयंपाकघरात सुचली, त्यामुळे पाच महिने तो 'टाकी भरली, नळ बंद कर' हेच आळवत होता. 'ताई, चुकलो, घरी ये गं' हे गुरुवारी आलं.

ताई शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. शेवटच्या गाण्याला त्याने डोळे मिटले. जिभेने पाच महिन्यांची सवय पुढे केली.

"टाकी भरली," तो कळवळून गायला, "नळ बंद कर."

खरे शब्द शोधायला गेला की ताल सुटत होता, म्हणून त्याने नळच शेवटपर्यंत नेला. लोकांना त्यात काहीतरी खोल दिसलं. एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.

ताईला त्याने दारापाशी गाठलं.

"दोन बस बदलून आले मी. हे ऐकायला?"

"ताई, शब्द वेगळे होते. हे बघ, खिशात आहेत."

"राहू दे. तुझं ते खिशात राहतं, आणि आपल्या घरातलं तेवढं माईकवर येतं."

ती जिना उतरून गेली. बायको खुर्च्या रचायला लागली. शिपाई म्हणाला, तशाच असू द्या, पाच वाजता सभासदांची वार्षिक सभा आहे.