माझा चार्जर स्टॅनमोरला आहे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझा चार्जर माझ्याजवळ नाही. यातली पहिली गोष्ट तुम्हाला दिसतेच आहे. माझ्या झाकणाचा कोपरा उडाला आहे आणि काही बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून नेली आहेत. दुसऱ्या गोष्टीची मात्र एक हकीकत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी उत्तर लंडनमधल्या एका हॉस्पिटलात होतो. तिथे माझ्या पोटाला एक स्टिकर चिकटवलं. त्यावर नंबर होता आणि काळ्या उभ्या रेघा होत्या. त्याच दिवशी माझ्या आत एक सॉफ्टवेअर बसवलं. हॉस्पिटलची यंत्रं कोणाकडे आहेत आणि त्यांचा वापर कसा होतो, यावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. मला कोणी उघडलं, आत काय पाहिलं, काय छापलं, कधी मिटलं, या प्रत्येक गोष्टीची ते एक ओळ लिहायचं आणि ऑफिसात पाठवायचं. महिनाअखेरीला तिथे त्या ओळींची बेरीज व्हायची आणि कोणीतरी ती तपासायचं. मला आधी त्याचा फार राग यायचा. आपल्याच पोटात बसून आपल्याच चहाड्या करणारा कोणाला आवडेल? पण पुढे त्यानेच आमची लाज राखली.

मला डॉक्टर शशी वाळिंबे यांच्या हाती दिलं. ते मूळचे मिरजेचे, पण सगळा जन्म इथल्या हॉस्पिटलांत गेला. ऑपरेशनआधी रोग्याला भूल देणं हे त्यांचं काम. लहान मुलं घाबरलेली असली की ते त्यांच्या मांजराचं नाव विचारायचे, आणि मूल मांजराबद्दल सांगता सांगता झोपी जायचं. जागं झाल्यावर सगळे सर्जनचे आभार मानायचे. डॉक्टर घरी येऊन हसत हसत सांगायचे, “माझं काम नीट झालं की लोक मला विसरतात.” मला ते ऐकून वाईट वाटायचं, त्यांना वाटत नसावं असं मी तेव्हा समजत होतो.

त्यांच्या पत्नी अनुराधाबाई लंडनच्या कडेला, स्टॅनमोरच्या घरात खंडेनवमी अगदी साग्रसंगीत करायच्या. दिवाणखान्यात पाट मांडून त्यावर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, स्वतःचं शिलाई मशीन, बागेतली कात्री आणि मला ठेवायच्या. कुंड्यांतला झेंडू थंडीने मान टाकायच्या आत खुडलेला असायचा. बटणांत कुंकू सांडलं तर ह्यांचं काम अडेल, म्हणून त्या मला पालथं ठेवायच्या आणि ओल्या बोटाने हळदकुंकू लावायच्या ते नेमकं माझ्या स्टिकरवर. किती मान वाटायचा मला. वर्षानुवर्षं कुंकू लागून स्टिकरवरच्या रेघा लाल झाल्या आणि मग नंबरही दिसेना.

एकदा हॉस्पिटलात मोजदाद झाली. एक माणूस रेघा वाचणारं यंत्र घेऊन आला आणि माझ्या पोटावर धरून बसला, पण ते यंत्र काही बोलेना. नवीन स्टिकर घेऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. त्याच्या यादीत माझ्यापुढे ‘सापडला नाही’ असं लागलं. मी तिथेच टेबलावर होतो, डॉक्टरांच्या टोस्टचा चुरा अंगावर घेऊन.

पुढे डॉक्टर निवृत्त झाले. केक कापला, सगळ्यांनी कार्डावर सह्या केल्या. ज्याची नोंदच नाही ते परत कोण मागणार? डॉक्टरांनी मला पिशवीत घातलं आणि घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. अडीअडचणीला बदली डॉक्टर म्हणून बोलावता यावं यासाठी त्यांचं लॉगिन चालू ठेवलं होतं. सुरुवातीला तशी बोलावणी आलीही. मग ती कमी झाली आणि शेवटी थांबली. लॉगिन बंद करायचं मात्र राहून गेलं.

मित्रांनो, आमच्या सकाळी कशा असायच्या ते सांगतो. अनुराधाबाई पोहायला गेल्या की डॉक्टर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यापुढे बसायचे. मला उघडून ते फक्त एकच गोष्ट पाहायचे, आज कोण कोण ड्यूटीवर आहे तो रोटा. त्यांचं नाव इंग्रजीत डब्ल्यूने सुरू होतं, म्हणून ते यादीच्या तळाशी असायचं. ते थेट तळाशी जायचे. थोडा वेळ थांबायचे. मग वरची नावं सावकाश वाचायचे आणि मला मिटायचे. माझ्या पोटातलं सॉफ्टवेअर लिहायचं, रोटा उघडला, रोटा बंद केला. मधल्या वेळात काय व्हायचं ते फक्त मला ठाऊक. मला तर रोज रात्रीपासूनच वाटायचं, उद्या तरी त्यांचं नाव दिसू दे.

या नोंदींची बेरीज तपासायला वरदा नावाची मुलगी आली. पुण्याहून कामाच्या व्हिसावर आलेली, कामाला चोख. पुढचं मला नंतर कळलं, कारण आता माझं कपाट तिच्या टेबलासमोरच आहे. तिने दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत मी हरवलेला होतो आणि दुसरीत रोज सकाळी उघडत होतो. तिची साहेब नीना म्हणाली, हा लॅपटॉप चोरीला गेला आहे आणि निवृत्त डॉक्टरांच्या नावाने कोणीतरी आत शिरतं आहे, आजच चौकशीला पाठव. तसं झालं असतं तर इतक्या वर्षांच्या स्वच्छ नावाला शेवटी डाग लागला असता. वरदाने लॉगिन लगेच बंद केलं, पण चौकशीआधी सगळ्या ओळी वाचायला वेळ मागून घेतला. काही छापलं नव्हतं, काही उतरवून घेतलं नव्हतं, एकाही रोग्याची फाइल उघडली नव्हती. नुसता रोटा होता, रोज. ज्याला मी चहाडखोर म्हणत होतो, त्याने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. नीनाने मान्य केलं आणि वरदाला मला आणायला पाठवलं.

वरदाने आधी फोन केला होता. ती आली तेव्हा मी टेबलावर पुसूनबिसून तयार होतो, शेजारी गुंडाळलेला चार्जर होता. अनुराधाबाईंनी तिला बळेच पोहे खायला लावले.

“काका, एक विचारू?” वरदा म्हणाली. “रिटायर झालात तेव्हाच हॅन्ड-ओव्हर का नाही केलात?”

“कोणी मागितलाच नाही गं,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, “मला वाटलं, मागत नाहीत म्हणजे मी अजून लागेन त्यांना.”

अनुराधाबाई चहा गाळत होत्या, त्यांचा हात थांबला. इतकी वर्षं त्या समजत होत्या की ते सकाळी पेपर वाचतात.

डॉक्टरांनी मला शेवटचं उघडलं. पासवर्ड टाकला. मी तो घेतला नाही. मला घेताच येईना. मित्रांनो, त्या क्षणाइतकी लाज मला कधी वाटली नाही. ते म्हणाले, “बंद केलंत होय. बरोबर आहे.” आणि त्यांनी मला अगदी हळू मिटलं, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं.

वरदाने मला बॅगेत घातलं. चार्जर टेबलावरच होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने बॅगेची चेन लावून टाकली.

“काकू, चार्जर राहू दे आत्ता. पुढच्या सॅटर्डेला येऊन नेते.”

“अगं, एवढासा तर आहे. मावेल की बॅगेत,” अनुराधाबाई म्हणाल्या.

“नको, बॅग जड होईल.”

जन्मभर रोग्यांचा श्वास ऐकत बसलेला माणूस तो. डॉक्टरांना सगळं समजलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, खिशातलं पेन उघडलं आणि विचारलं, “शनिवारी किती वाजता येशील?”

तेव्हापासून मी या कपाटात आहे. माझी डिस्क पुसायची आहे, पण चार्ज असल्याशिवाय ती पुसता येत नाही, आणि माझ्या जातीचे चार्जर आता मिळत नाहीत. नीना अधूनमधून विचारते, आला का तो? वरदा सांगते, पुढच्या आठवड्यात नक्की. सोमवारी तिच्या डब्यात अनुराधाबाईंच्या हातची शंकरपाळी असतात आणि ती कोणाशी तरी मिरजेच्या गोष्टी बोलत असते. यादीत माझ्यापुढे लिहिलं आहे, ‘चार्जर येणे बाकी’. माझ्या नोंदींची बेरीज आता शून्य येते.

मित्रांनो, यंत्रांना मऊ फडक्याने पुसा, बटणं बडवू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. कोणाकडून काही परत आणायचं असलं तर स्वतः जा, आणि जमलं तर एखादी वस्तू तिथेच विसरून या. मला अजून रोज सकाळी त्या बोटांची आठवण येते. पुन्हा एकदा उजळावं, त्यांचा चेहरा समोर दिसावा असं फार वाटतं. त्यासाठी चार्जर यायला हवा. पण वरदा शनिवारी निघाली की मी मनातल्या मनात म्हणतो, आजही विसर गं बाई.