पहिल्या घाण्याची वडी

हे सगळं १९८१च्या हिवाळ्यातलं. दसरा होऊन चार दिवस झाले होते तेव्हा यांना अटॅक आला, आणि संक्रांतीच्या आत जे व्हायचं ते होऊन गेलं. म्हणजे तीनच महिने. पण त्या तीन महिन्यांत मी एकदा तरी स्वस्थ बसून जेवले असेन असं मला आठवत नाही.

यांचं नाव चंद्रभान. आर्वीला एसटी स्टँडसमोर आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे वर पत्रे, आत पाच टेबलं आणि दाराशी कढईची भट्टी. सासऱ्यांनी ते काढलेलं. एरवी आलूबोंडा आणि चिवडा खपायचा, पण थंडी पडली की लोक सांबारवडीसाठी यायचे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हिवाळ्यात तो बाजारात ढिगांनी येतो. निवडायचा, धुवायचा, धोतराच्या फडक्यावर सुकवायचा, बारीक चिरून त्यात खोबरं, खसखस, लसूण, मसाला घालायचा. बेसनाच्या पोळीला आतून चिंचेचा कोळ चोपडायचा, सारण भरून दुमडायची आणि तळायची. तळेगावचा, आंजीचा माणूस आर्वीला कामाला आला की परतीच्या गाडीआधी कढीबरोबर दोन वड्या खाऊनच जायचा.

सासऱ्यांचा एक नेम होता. पहिला घाणा कढईतून निघाला की त्यातली एक वडी मालकानं सगळ्यांसमोर उभ्यानं मोडायची आणि खायची. त्यानं मान हलवली की मग बशा भरायच्या. दुपारी चारला पुन्हा कढई चढायची तेव्हाही तसंच. सासऱ्यांनी पंचवीस वर्षं हे केलं, त्यांच्यामागे यांनी. घाई असलेला माणूससुद्धा तेवढा वेळ थांबायचा.

सेवाग्रामच्या दवाखान्यात आम्ही अठरा दिवस होतो. निघायच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"तळलेलं बंद. एकही घास नाही."

"चव पाहायपुरतं?" मी विचारलं.

"दिवसातून किती वेळा चव पाहतात?"

"दोन वेळा."

डॉक्टर वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे असतील. ते म्हणाले, "बाई, पुढचा हिवाळा यांनी पाहावा असं वाटतं ना तुम्हाला?"

आर्वीपर्यंत बसमध्ये ते वाक्य माझ्या कानात होतं. हे खिडकीशी बसून बाहेर बघत होते. खरांगण्याच्या पुढे रस्त्याकडेला एक बाई सांबाराच्या जुड्या घेऊन बसलेली दिसली. हे म्हणाले, "सांबार आला वाटते."

घरी आल्यावर दहा दिवस कसेबसे काढले. हे खाटेवर पडलेले असले तरी मी दर थोड्या वेळानं दारातून डोकावायची, छाती वर-खाली होते आहे ना बघायची. अकराव्या दिवशी यांनी चपला घातल्या.

"जातो दुकानात."

"जा. पण वडी खायाची नाई."

"मंग जाऊन काय करू?"

"कवडू चाखंल." कवडू आमचा आचारी. यांच्याच वयाचा, लहानपणापासून आमच्या कढईवर.

"कवडू मालक हाये का?"

"मंग मी तुमच्यापुरती बिनतेलाची करून देत जाईन. ते खा."

यांचा चेहरा एकदम लाल झाला. "गिऱ्हाईकाले तळलेली देऊ अन् मी भाजलेली खाऊ? लोकायसमोर नाटक करू का मी? जे विकतो तेच खातो, असं सांगून गेला माहा बाप."

"तं मंग सारीच भाजू!" मी म्हणाले. रागात म्हणाले. पण तोंडातून निघालं आणि माझं मलाच वाटलं, का नाही?

त्यांच्याकडून मी आणखी आठ दिवस मागून घेतले. चपला लपवल्या म्हटलं तरी चालेल. आणि लागले कामाला.

पहिल्यांदा पातेल्यात वाळू घालून, शेगडीवर ठेवून, आत ताटलीत वड्या मांडल्या. वर झाकण, झाकणावर निखारे. तासाभरानं निघाल्या त्या अशा की कवडूनं एक उचलून टेबलावर वाजवली.

"वैनी, हे वडी हाये का कवेलू? छपरावर ठेवतो, पावसाळ्यात कामी येईन."

दुसऱ्या खेपेला बेसनात ज्वारीचं पीठ मिसळलं. वड्या उलल्या आणि सांबार करपून काळा झाला. तिसऱ्यांदा दही घातलं, तर वरून खरपूस आणि आत कच्ची. मी स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून दुकानात, नुसती फिरत होते. पोळ्या तव्यावर जळायच्या. मुलगी अनुसया तेव्हा बारा वर्षांची होती, ती म्हणाली, "आई, तू एका जागी उभी राह्य ना वं."

मग मला बेकरी आठवली. तेव्हा दिवाळीत आम्ही बायका आपापला मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो आणि नानकटाई भाजून आणायचो. स्टँडच्या मागच्या गल्लीत ती बेकरी होती आणि तानबा तिथला भट्टीवाला. नाकावर कायम पीठ. मी टोपलीत कच्च्या वड्या घेऊन गेले.

"दिवाळी तं होऊन गेली, वैनी."

मी सगळं सांगितलं. त्यानं भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा फेकला आणि ओठ हलवत आकडे मोजू लागला. मैदा लाल व्हायला किती वेळ लागतो त्यावरून तो ताप ओळखायचा.

"पावाच्या तापात जळतीन. नानकटाईच्या तापात सुकतीन. पाव निघाल्यावर अन् खारी टाकायच्या आंदी, तेवढ्या मधात टाकू."

त्या मधल्या तापात वड्या जमल्या. वरचं कवच पातळ, दाताखाली मोडणारं. आत सांबार हिरवा. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल मी सांबाराच्या काड्यांचा झुपका करून नुसतं पुसल्यासारखं लावलं होतं. गरम टोपली डोक्यावर घेऊन मी गल्लीतून जवळजवळ पळतच आले.

दुसऱ्या दिवसापासून बेकरीतून दोन वेळा टोपली येऊ लागली. यांनी पहिली वडी मोडली, चावली. मग अर्धवट मान हलवली. लक्ष्मणराव म्हणून निवृत्त मास्तर रोज सकाळी पहिल्या टेबलावर असायचे. त्यांनी घास घेतला आणि म्हणाले,

"चंद्रभान, अटॅक तुले आला ना? मंग परहेज आमाले काऊन?"

सगळे हसले. हेही हसले. पण त्या आठवड्यात बरीच टेबलं रिकामी राहिली. कवडू थंड कढईशेजारी बसून रस्त्याकडे बघायचा. मी आत पडद्यामागे उभी राहून कोण आलं, कोणी बशीत अर्धी टाकली, कोण परत आलं ते बघायची.

दुसऱ्या आठवड्यात वडी सुधारली. कशी ते मला कळेना. करणारी मीच, प्रमाण तेच. पण अधिक खुसखुशीत, अधिक खमंग. लोक परत यायला लागले. लक्ष्मणराव दोनच्या तीन खाऊ लागले. यांची मान आता पूर्ण हलायची. चेहऱ्यावर तेज आलं होतं. मी यांना घेऊन सेवाग्रामला तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना सांगितलं, आमच्याकडे आता सगळं भाजलेलं. ते खूश झाले.

मार्गशीर्षातली एक सकाळ होती. कडाक्याची थंडी. आदल्या दिवशीच्या चार वड्या टोपलीत तळाशी राहिल्या होत्या. त्या काढायला गेले तर खाली घातलेला कागद वड्यांना चिकटलेला, आणि त्यावर मेणासारखा पांढरा थर. नखानं खरवडला. फल्लीचं तेल असं गोठत नाही.

मी तशीच बेकरीत गेले.

"तानबाजी, भट्टीतल्या पत्र्याले काय लावता तुमी?"

"डालडा."

"किती?"

"पयले थोडासा लावो. मंग पाह्यलं, वैनीच्या वड्या लयच कोरड्या असतेत. आजारी मानूस खाते ते. म्हटलं, भाऊले ताकद पायजे. मंग वरून बी हात फिरवाले लागलो. चांगला सढळ." तो माझ्याकडे बघून हसला. "डालडा माह्याकडचाच हाये, वैनी. तुमी मनावर घेऊ नोका."

त्यानं मायेनं केलं होतं. त्याला समजावलं तेव्हा तो खाली बसला आणि कपाळाला हात लावला. मी पत्रे कोरडे पुसायला सांगितले आणि निघाले. बावीस दिवस. रोज दोन. चव्वेचाळीस वड्या मी माझ्या हातानं यांच्यापुढे ठेवल्या होत्या.

घराकडे वळले, परत फिरले, दुकानापर्यंत आले आणि पुन्हा मागे. सांगितलं तर? सगळ्यांना आवडलेली वडी डालड्याची होती हे कळल्यावर हे परत कढई चढवतील. नाही सांगितलं तर? पण न सांगून भागणारच नव्हतं. आजपासून वडी कोरडी येणार होती, आणि यांची जीभ फसणारी नव्हती.

तसंच झालं. सकाळची टोपली आली. यांनी वडी मोडली, चावली. मान हलली नाही.

"आज जमली नाई," ते म्हणाले आणि बशा तशाच राहिल्या. लोक चहा पिऊन गेले. दुपारी साडेतीनला यांनी कवडूला मारलेली हाक माझ्या कानावर आली, "कढई चढव."

मी पडदा सारून बाहेर आले. तेल तापत होतं. कवडू माझ्याकडे बघेना. दुकान भरलेलं होतं. चारची वर्ध्याची गाडी लागायची होती. पहिला घाणा कढईत पडला. इतक्या दिवसांनी तो चुरचुर आवाज ऐकून लोकांनी माना वळवल्या. कवडूनं झाऱ्यावर वड्या काढल्या आणि यांनी हात पुढे केला.

मी यांचं मनगट धरलं. चार लोकांसमोर नवऱ्याचा हात धरायची ती पहिलीच वेळ.

"सोड वं."

"आंदी ऐका." आणि मी तिथंच सगळं सांगितलं. पांढरा थर, तानबा, डालडा, बावीस दिवस. माझा आवाज चढला होता. लक्ष्मणरावांनी बशी खाली ठेवली.

"म्हनजे थ्या डालड्यानं चांगली लागे?" यांनी विचारलं.

"हो जी."

"अन् बिनडालड्याची म्हनजे सकायची."

"हो."

हे बाकावर बसले. लक्ष्मणराव म्हणाले, "सोड ना बापा तो नेम. आमी काय तुले परीक्षा घ्याले येतो? तू नाई खाल्ली तरी खातो आमी."

"नेम नाई सुटत, मास्तर. मालकानं खाल्ल्याबिगर बशी नाई भरत." असं म्हणून हे उठले, झाऱ्यावरची एक वडी उचलली. माझा हात परत पुढे गेला. यांनी ती वडी माझ्याच तळहातावर ठेवली. चटका बसला.

"मालकानं खायाची ना? मंग आजपासून मालक तू."

"काय बोलता जी?"

"मरन्यापेक्षा मालकी गेलेली बरी. खा. लोकं थांबले हायेत."

लग्न होऊन आर्वीत मला चौदा वर्षं झाली होती. परक्या पुरुषांसमोर उभी राहून मी कधी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. पदर डोक्यावर नीट घेतला. वडी मोडली. तोंडात घातली. जीभ मात्र जाग्यावर होती.

"मीठ कमी हाये," मी म्हणाले.

"नाई वो वैनी, बराबर टाकलं मी," कवडू म्हणाला.

हे बाहेरच्या पायरीपर्यंत गेले होते. वळले. "मालकीण कमी म्हनते तं कमी. दुसरा घाना टाक."

चारची गाडी लागली. निम्मे लोक वडी न खाताच गेले, बाकीचे थांबले. लक्ष्मणराव थांबले. दुसऱ्या घाण्याची वडी मी खाल्ली आणि मान हलवली. हे त्या वेळी रस्त्यापलीकडे स्टँडच्या ओट्यावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. पुढचा महिनाभर कढईची वेळ झाली की हे उठून कुठंतरी चालायला जायचे. घरी आल्यावर एकदाच विचारलं, "आज कशी होती?" मी सांगितलं. पुन्हा विचारलं नाही.

हे त्यानंतर अकरा हिवाळे जगले. सकाळी सांबार निवडून द्यायचे, बाजारातून जुड्या तेच आणायचे. १९९३च्या मे महिन्यात गेले. कवडूनं १९८६ साली तळेगावला हायवेवर स्वतःची वड्यांची गाडी लावली, पक्कं घर बांधलं. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पॅकिंगचे पाव यायला लागले तशी बेकरी बंद पडली आणि तानबा आंजीला लेकीकडे राहायला गेला. यांच्या तेरवीला आला होता, जेवला नाही, नुसता बसून राहिला. लक्ष्मणराव मुलाकडे पुलगावला गेले, तिथंच वारले. सेवाग्रामच्या त्या डॉक्टरांची बदली झाली की ते परगावी गेले, मला कधी कळलं नाही. अनुसया वर्ध्याला शाळेत शिकवते, आता निवृत्तीला आली. रस्ता रुंद झाला त्यात हॉटेल गेलं, तोपर्यंत तेवीस वर्षं मी ते चालवलं. मी आता अनुसयाकडे असते. साखर आहे, गुडघे गेले आहेत. दात मात्र अजून बरेच आहेत.